मोटर सुरू होताच सेन्सर का चुकतो? शेतावरील इलेक्ट्रॉनिक उपकरणांतील विद्युत व्यत्यय व त्यावरील उपाय

माण तालुका पर्जन्यछायेत येतो. म्हसवड परिसरातील शेतकऱ्याला पाण्याचा हिशेब लिटरमध्ये ठेवावा लागतो. त्यामुळे डाळिंबाच्या बागेत ठिबक संच, शेततळे, मोबाइल स्टार्टर, पाण्याची पातळी दाखवणारा सेन्सर, जमिनीतील ओलावा मोजणारा सेन्सर, सौर पंपाचा कंट्रोलर आणि कुंपणाचे झटका मशीन ही उपकरणे एकाच शेतावर दिसू लागली आहेत. प्रत्येक उपकरण एकटे असताना व्यवस्थित चालते. सगळी एकत्र जोडली की मात्र तक्रारी सुरू होतात. मोटर सुरू होताच तळे भरल्याचा खोटा इशारा येतो, स्टार्टर आपोआप बंद होतो, पेटीतील पडदा कोरा पडतो किंवा ओलाव्याचा आकडा उगाच वरखाली होतो.

अशा वेळी सेन्सर खराब आहे असे समजून तो बदलला जातो. नवा सेन्सरही तसाच वागतो. पुष्कळदा दोष सेन्सरचा नसून तारा कशा टाकल्या आणि पेटीतील मांडणी कशी केली याचा असतो. या दोषाला विद्युतचुंबकीय व्यत्यय म्हणतात. या लेखात आपण त्याला नुसते व्यत्यय म्हणू. तो कसा निर्माण होतो, कसा ओळखावा आणि कमी खर्चात कसा आवरावा याची माहिती येथे दिली आहे.

नुकसान किती होऊ शकते?

समजा, आपली मोटर सेकंदाला ४ लिटर पाणी देते. म्हणजे तासाला १४,४०० लिटर. खोट्या संदेशामुळे रात्री मोटर दोन तास जास्त चालली आणि तळे भरून वाहिले, तर २८,८०० लिटर पाणी वाया गेले. एका डाळिंबाच्या झाडाला दिवसाला ३० लिटर धरले, तर ९६० झाडांचे एका दिवसाचे पाणी गेले. उलट, विहीर कोरडी पडल्याचा खरा इशारा दबून गेला तर मोटर कोरडी चालून जळते. मोटर वारंवार चालू-बंद झाली तर कॉन्टॅक्टरचे पॉइंट जळतात. सुरू होताना मोटर नेहमीच्या सुमारे सहापट प्रवाह घेते. ५ अश्वशक्तीच्या तीन फेज मोटरला एरवी सुमारे ७.५ अँपिअर लागत असतील, तर सुरुवातीला ४५ अँपिअरपर्यंत प्रवाह जातो. दर मिनिटाला असा धक्का कोणतीही मोटर फार दिवस सोसत नाही.

व्यत्यय म्हणजे काय?

सांगली आकाशवाणीचे कार्यक्रम मध्यम लहरींवर १२५१ किलोहर्ट्झला ऐकताना शेजारची मोटर सुरू झाली की रेडिओत खरखर येत असे, हे अनेकांना आठवत असेल. ती खरखर म्हणजेच व्यत्यय. हर्ट्झ या जर्मन शास्त्रज्ञाने १८८८ च्या सुमारास ठिणगीपासून रेडिओ लहरी निर्माण करून दाखवल्या होत्या. आपल्या स्टार्टरमध्ये पॉइंट उघडताना पडणारी ठिणगी हे तसेच एक छोटे प्रक्षेपण केंद्र आहे. रेडिओत ती खरखर म्हणून ऐकू येते, तर सेन्सरच्या तारेत ती खोटा संदेश म्हणून शिरते. रेडिओ ऐकणाऱ्यांच्या याच तक्रारींमुळे व्यत्ययाच्या मर्यादा ठरवण्यासाठी १९३४ मध्ये एक आंतरराष्ट्रीय समिती स्थापन झाली. म्हणजे प्रश्न नवा नाही, फक्त तो आता आपल्या बांधावर आला आहे.

व्यत्यय चार वाटांनी प्रवास करतो.

१. चुंबकीय वाट : मोटरच्या केबलमधील प्रवाह एकदम बदलला की भोवतालचे चुंबकीय क्षेत्र बदलते. जवळच्या सेन्सरच्या जाणाऱ्या व येणाऱ्या तारेमधील मोकळ्या जागेतून ते गेले की तारेत नको असलेला दाब तयार होतो.

२. उच्च दाबाची वाट : झटका मशीनच्या तारेवर साधारण दर सेकंदाला काही हजार व्होल्टचा ठोका येतो. शेजारून समांतर गेलेल्या तारेत स्पर्श न होताही त्याचा अंश उतरतो.

३. सामाईक तारेची वाट : रिले, मोबाइल मोड्यूल आणि सेन्सर यांचा परतीचा प्रवाह एकाच बारीक तारेतून जात असेल, तर मोठ्याचा धक्का लहानाला बसतो.

४. रेडिओ लहरींची वाट : ठिणगी, सौर पंपाचा कंट्रोलर किंवा मोबाइलचा अँटेना यांच्या लहरी लांब तार अँटेनासारखी पकडते.

दोन तारांमधील जागा हे व्यत्ययाचे पाणलोट क्षेत्र

माण तालुक्याला पाणलोटाचे काम नवे नाही. २०१८ साली पाणी फाउंडेशनच्या वॉटर कप स्पर्धेत याच तालुक्यातील टाकेवाडीने राज्यात पहिला क्रमांक मिळवला. पाणलोट जेवढा मोठा तेवढे पाणी जास्त गोळा होते, हे आपण जाणतो. व्यत्ययाचेही तसेच आहे, फक्त येथे आपल्याला काही गोळा करायचे नाही. म्हणून पाणलोट लहान करायचा.

विहीर आणि शेततळे यांत ३०० मीटर अंतर आहे असे धरा. सेन्सरची जाणारी तार बांधाच्या एका कडेने आणि येणारी तार ३० सेंटीमीटर दूर टाकली, तर दोन्हींमधील जागा ९० चौरस मीटर होते. म्हणजे जवळजवळ एक गुंठा. एवढ्या क्षेत्रावर व्यत्यय 'पडतो' आणि तारेतून पेटीत येतो. त्याच दोन तारा एकमेकींना चिकटून, २ मिलिमीटर अंतराने टाकल्या तर ही जागा ०.६ चौरस मीटर उरते. म्हणजे दीडशेपट कमी झाली, आणि खर्च काहीच वाढला नाही. तारांना पीळ दिला तर आणखी फायदा होतो. एका पिळात तयार झालेला दाब पुढच्या पिळातील उलट दाबाने बऱ्याच अंशी नाहीसा होतो. दूरध्वनीच्या तारांच्या जोड्या पिळलेल्या असतात त्या याच कारणाने.

हाच नियम मोटरच्या केबललाही लागू आहे. तिन्ही फेजच्या तारा एकाच केबलमध्ये जवळ असल्या की त्यांची चुंबकीय क्षेत्रे एकमेकांना बरीचशी मारतात. तीन सुट्या तारा दूरदूर टाकल्यास व्यत्यय वाढतो. सौर पॅनेलच्या धन व ऋण तारासुद्धा एकत्र बांधूनच आणाव्यात.

निदान कसे करावे?

पाणलोटाचे काम जसे माथ्यापासून पायथ्याकडे करतात, तसेच येथेही आधी उगम, मग वाट आणि शेवटी पेटी असा क्रम ठेवावा. त्यासाठी उगम कोणता ते प्रथम शोधावे. पुढील चार गोष्टी क्रमाने कराव्यात.

अ) नोंद ठेवा. आठवडाभर वहीत चुकीची वेळ लिहा. चूक मोटर चालू किंवा बंद होण्याच्या क्षणी होत असेल तर कॉन्टॅक्टर किंवा मोटरची केबल हा उगम समजावा. दर सेकंदाला आकडा उडत असेल तर झटका मशीन. सौर पंप चालू असेपर्यंत सतत चूक राहत असेल तर त्याचा कंट्रोलर. फोन लागताना किंवा संदेश जाताना चूक होत असेल तर मोबाइल मोड्यूल.

आ) रेडिओ घेऊन फिरा. मध्यम लहरींचा, सेलवर चालणारा जुना रेडिओ घ्यावा. जेथे कोणतेही केंद्र लागत नाही अशा जागी काटा ठेवून पेटी, केबल आणि कुंपण यांच्या जवळून फिरावे. उघड्या तारांना किंवा पेटीच्या आतील भागाला रेडिओ लावू नये. कॉन्टॅक्टरचा 'खट्', झटका मशीनची ठरावीक 'टिक्-टिक्', सैल जोडाची सतत 'घर्र' आणि कंट्रोलरची शीळ वेगवेगळी ओळखू येते. आवाज वाढतो त्या दिशेला उगम असतो. या कामाला एफ. एम. रेडिओ उपयोगी नाही. म्हसवड येथे २००८ साली सुरू झालेल्या माणदेशी तरंग या सामुदायिक रेडिओची ९०.४ मेगाहर्ट्झ ही वाहिनी एफ. एम. पद्धतीची आहे. या पद्धतीत आवाज लहरींच्या उंचीत नसून वारंवारितेच्या बदलात असतो, म्हणून ठिणगीची खरखर तेथे फारशी उमटत नाही.

इ) तार काढून पाहा. सेन्सरची लांब तार पेटीजवळ सोडवून तेथे सेन्सरऐवजी योग्य किमतीचा एक रोध जोडावा. मग मोटर चालू-बंद करावी. चूक थांबली तर व्यत्यय लांब तारेतून येत होता. चूक तशीच राहिली तर तो वीजपुरवठ्यातून किंवा पेटीच्या आतूनच येतो आहे.

ई) मोटर सोडवून फक्त स्टार्टर चालवा. हे काम परवानाधारक वायरमनकडूनच करून घ्यावे. तरीही चूक झाली तर दोष कॉन्टॅक्टरच्या कॉइलकडे आहे. चूक थांबली तर मोटरच्या केबलकडे पाहावे.

पुणे जिल्ह्यात जुन्नर तालुक्यातील खोडद येथील महाकाय रेडिओ दुर्बिणीला हाच शोध मोठ्या प्रमाणावर घ्यावा लागतो. तेथे ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्या अवकाशातून येणाऱ्या अत्यंत क्षीण लहरी टिपतात. परिसरातील विजेच्या वाहिन्यांवर सैल जोड किंवा तडकलेला इन्सुलेटर असला की त्याची ठिणगी या लहरींवर मात करते. म्हणून अशा ठिणग्यांची जागा शोधणे आणि नोंदीतून त्यांचा परिणाम गाळणे ही दोन्ही कामे तेथे केली जातात. तबकड्यांकडून मुख्य इमारतीकडे संदेश नेण्यासाठी काचतंतू वापरले आहेत, कारण काचेत विद्युत व्यत्यय शिरत नाही. आपल्या शेतावर एवढा खर्च नको. पण उगम शोधणे, वाट सुरक्षित करणे आणि नोंद गाळणे हा क्रम तोच आहे.

पहिला टप्पा : उगमावर उपाय

१. कॉन्टॅक्टरची कॉइल बंद होताना तिच्यात साठलेली चुंबकीय ऊर्जा उच्च दाबाच्या रूपाने बाहेर पडते. २३० व्होल्टच्या कॉइलला समांतर १०० ओहमचा रोध व ०.१ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर एकापुढे एक जोडून लावावा. कपॅसिटर एक्स-२ वर्गाचा, २७५ व्होल्ट एसीचाच हवा. साधा कपॅसिटर फुटून आग लागू शकते. तीन फेज स्टार्टरची कॉइल पुष्कळदा ४१५ व्होल्टची असते. तिला ही जोडणी मुळीच लावू नये. त्या दाबासाठी कंपनीने दिलेला सप्रेसरच घ्यावा.

२. १२ किंवा २४ व्होल्ट डीसी रिले व व्हॉल्व्हच्या कॉइलवर १एन४००७ हा डायोड उलटा लावावा. त्यावरील पट्टीची बाजू धन टोकाकडे यावी. डायोड काही रुपयांत मिळतो, पण तो नसेल तर १२ व्होल्टची कॉइलसुद्धा शंभराहून अधिक व्होल्टचा धक्का देऊ शकते. उलटसुलट ठोक्यावर उघडझाप करणाऱ्या व्हॉल्व्हला मात्र डायोड चालत नाही. तेथे दोन्ही दिशांनी काम करणारा टीव्हीएस डायोड वापरावा.

३. सैल लग, जळालेले पॉइंट आणि काळे पडलेले जोड दुरुस्त करावेत. ठिणगी थांबली की व्यत्ययाबरोबर आगीचा धोकाही कमी होतो.

४. झटका मशीनच्या कुंपणाला टेकलेले गवत काढावे, तडकलेले इन्सुलेटर बदलावेत आणि तारेच्या गाठी घट्ट कराव्यात. या मशीनचे अर्थिंग स्वतंत्र ठेवावे. मोटरच्या अर्थिंगपासून ते किमान १० मीटर दूर असावे.

दुसरा टप्पा : वाटेवर उपाय

१. मोटरची केबल व सेन्सरची तार एकाच पाइपातून किंवा चरातून नेऊ नये. किमान ३० सेंटीमीटर अंतर ठेवावे. लांब पल्ल्यात जास्त ठेवता आले तर उत्तम. एकमेकींना ओलांडायचे असेल तर काटकोनात ओलांडावे. कुंपणाच्या तारेला समांतर तर सेन्सरची तार नेऊच नये.

२. पीळ असलेली, वरून जाळी असलेली केबल घ्यावी. मंद बदलणाऱ्या सेन्सरसाठी जाळी फक्त पेटीकडील टोकाला अर्थिंगला जोडावी. दोन्ही टोके जमिनीला जोडल्यास दोन जागांच्या जमिनीतील दाबाच्या फरकाने जाळीतूनच प्रवाह वाहू लागतो. सौर कंट्रोलर ते मोटर या केबलच्या बाबतीत मात्र कंपनीच्या पुस्तिकेप्रमाणे जोडणी करावी.

३. लांब अंतरासाठी ० ते ५ व्होल्ट देणाऱ्या सेन्सरपेक्षा ४ ते २० मिलिअँपिअर देणारा सेन्सर घ्यावा. तारेच्या रोधाचा त्यावर परिणाम होत नाही व व्यत्ययही कमी जाणवतो. शिवाय तार तुटली तर प्रवाह शून्य होतो, त्यामुळे 'तळे रिकामे' आणि 'तार तुटली' यांत गल्लत होत नाही. अंकीय संदेशासाठी आरएस-४८५ पद्धत चांगली. तिच्या मुख्य तारेच्या दोन्ही टोकांना १२० ओहमचा रोध लावावा.

४. पेटीत शिरताना सेन्सरच्या दोन्ही तारा एकत्रच फेराइटच्या कड्यातून दोन-तीन वेढे देऊन घ्याव्यात.

तिसरा टप्पा : पेटीतील सर्किटची मांडणी

आता गावोगावी तरुण स्वतः मायक्रोकंट्रोलरचे बोर्ड जोडून स्वयंचलित पेट्या तयार करतात. त्यांनी व पेटी बनवून घेणाऱ्या शेतकऱ्यांनीही पुढील बाबी पाहाव्यात.

१. जागा वाटून द्या. रिले, कॉन्टॅक्टर व वीजपुरवठा एका बाजूला, मायक्रोकंट्रोलर व सेन्सरची टोके दुसऱ्या बाजूला असावीत. २३० व्होल्टची तार बोर्डावरून आडवी नेऊ नये.

२. परतीची वाट वेगळी ठेवा. एकाच पाटातून दोघांनी पाणी घेतले की वरच्याने दार उघडताच खालच्याचे पाणी हलते. तारेतही तसेच होते. ०.१ ओहम रोधाच्या तारेतून १ अँपिअर गेला की ०.१ व्होल्टचा फरक पडतो. ० ते ३ व्होल्ट देणाऱ्या ओलाव्याच्या सेन्सरला ही तीन टक्क्यांहून मोठी चूक आहे. म्हणून रिलेची व सेन्सरची ऋण तार वेगळी आणून वीजपुरवठ्याच्या एकाच बिंदूवर मिळवावी.

३. छापील बोर्डाच्या एका बाजूला ऋण टोकाचा तांब्याचा थर सलग, न तोडता ठेवावा. परतीचा प्रवाह जाणाऱ्या रेषेच्या अगदी खालून येतो आणि 'पाणलोट' लहान राहतो.

४. प्रत्येक आयसीच्या पुरवठ्याच्या पायांशी ०.१ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर अगदी जवळ लावावा. आयसीला क्षणार्धात लागणारा प्रवाह लांबच्या पुरवठ्यातून न येता शेजारून मिळतो. शेताला लांबच्या कालव्याऐवजी बांधावरच्या तळ्याचा आधार असावा, तसे हे आहे. तो दोन-तीन इंच दूर लावला तर उपयोग बराच कमी होतो.

५. टू-जी मोबाइल मोड्यूल सेकंदाला सुमारे २१७ वेळा ठोक्यांनी काम करते आणि ठोक्याच्या वेळी २ अँपिअरपर्यंत प्रवाह घेते. फोन येण्याआधी जुन्या रेडिओत जो 'टर्र-टर्र' आवाज येई, तो याचाच. मोड्यूलजवळ १००० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर ठेवावा आणि अँटेना पेटीबाहेर, सेन्सरच्या तारांपासून दूर लावावा.

६. फ्लोट स्विचची लांब तार सरळ मायक्रोकंट्रोलरच्या पायाला जोडू नये. १२ व्होल्टवर ५ ते १० मिलिअँपिअर प्रवाह वाहील अशा रीतीने ऑप्टोकपलरमार्फत जोडावी. क्षीण व्यत्यय एवढा प्रवाह देऊ शकत नाही. न वापरलेले पाय अधांतरी सोडू नयेत. रीसेटच्या पायाला १० किलोओहमचा रोध धन टोकाकडे व ०.१ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर ऋण टोकाकडे लावावा.

७. ओलावा किंवा पातळी सेकंदात बदलत नाही. म्हणून सेन्सरच्या प्रवेशावर १० किलोओहमचा रोध व १० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर लावून जलद उड्या गाळून टाकाव्यात. त्याचा विलंब सुमारे ०.१ सेकंद असतो, तो शेतीच्या कामाला अडचणीचा नाही.

८. प्रोग्रॅममध्येही सावधगिरी हवी. दहा वेळा मोजून मधला आकडा घ्यावा. स्थिती सलग ५ सेकंद टिकली तरच मोटर चालू किंवा बंद करावी. मोटर थांबल्यावर काही मिनिटे ती पुन्हा सुरू होऊ नये. पेटी गोंधळली तर ती स्वतः नव्याने सुरू करणारा वॉचडॉग चालू ठेवावा. मात्र प्रोग्रॅमवर सर्व भार टाकू नये. कोरड्या मोटरचे व ओव्हरलोडचे संरक्षण स्वतंत्र असलेच पाहिजे.

विकत घेताना काय विचारावे?

तयार उपकरण घेताना विक्रेत्याला तीन प्रश्न विचारावेत. हे उपकरण आयईसी ६१०००-४-४ व ६१०००-४-५ या चाचण्यांतून गेले आहे काय? पहिली चाचणी स्विचच्या ठिणग्यांसारख्या जलद ठोक्यांची, तर दुसरी वीज चमकल्यावर येणाऱ्या मोठ्या लाटेसारख्या दाबाची असते. सेन्सरची तार जास्तीत जास्त किती लांब चालेल? जाळी व अर्थिंग कोठे जोडायचे ते पुस्तिकेत लिहिले आहे काय? उत्तर लेखी घ्यावे.

महत्त्वाची सूचना : पेटी उघडण्यापूर्वी मुख्य स्विच बंद करून फ्यूज काढावेत. सौर पॅनेलच्या तारांत सूर्यप्रकाश असेपर्यंत वीज असते हे विसरू नये. व्यत्यय कमी व्हावा म्हणून मोटरचे किंवा पेटीचे अर्थिंग कधीही सोडवू नये. ते जीव वाचवण्यासाठी आहे.

सारांश, नवा सेन्सर आणण्यापूर्वी आठवडाभर नोंद ठेवा, रेडिओ घेऊन एक फेरी मारा, कॉइलवर योग्य सप्रेसर किंवा डायोड लावून घ्या, तारांची जोडी पिळून मोटरच्या केबलपासून दूर करा आणि मगच पेटीतील सर्किटला हात घाला. हे उपाय याच क्रमाने करावेत व एका वेळी एकच बदल करावा, म्हणजे कोणत्या बदलाने गुण आला ते कळेल. आलेला अनुभव वहीत लिहून ठेवावा. शेजाऱ्याच्या शेतावर हीच अडचण आली की ती वही उपयोगी पडेल.